या हातून त्या हाती

आमच्या तरुण मंडळाचा बक्षीस समारंभ एकदाच झाला. पुन्हा का झाला नाही असं गावात कोणी विचारत नाही, कारण विचारण्याच्या वयाचे सगळे त्या दिवशी मांडवात हजर होते.

गाव वैनगंगेच्या काठाला, गडचिरोली तहसिलीत. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडत असे, आणि सिरोंच्याला जायचं म्हणजे घरच्यांचा रीतसर निरोप घेऊन निघावं लागे. पन्नासनंतरची ती वर्षं. स्वराज्य नवं होतं आणि आपणही काहीतरी काढलं पाहिजे असं प्रत्येक गावाला वाटत होतं. काही गावांनी सोसायटी काढली, काहींनी जुनी भांडणं. आम्ही तरुण मंडळ काढलं.

मंडळात आम्ही वीसेक जण होतो. बोडीतला, म्हणजे गावाच्या लहान तळ्यातला, गाळ काढला. घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर मुरूम टाकला. दोन कपाटांचं वाचनालय मांडलं. कबड्डीचा संघ केला, जो हरला तरी वाजतगाजतच परत यायचा. मी मंडळाचा सेक्रेटरी. नागपूरला दोन वर्षं कॉलेजात काढून, वडील अंथरुणाला खिळल्यामुळे परत आलो होतो आणि जंगल खात्याच्या लाकूड डेपोत कारकून होतो. दिवसा सागाच्या लाकडांवर नंबर टाकायचे, संध्याकाळी वाचनालयाच्या पुस्तकांवर. लाकडं बरीच जास्त होती. अध्यक्ष माझा दोस्त, गावातला एकुलता एक शिंपी. त्याचे आजोबा चांद्याहून येऊन इथं राहिलेले. घरात तो उर्दू बोलायचा, दुकानाच्या ओट्यावर आमची झाडीची बोली, आणि राग आला की दोन्ही एकदम. तो अध्यक्ष का, तर बैठकीला ओटा त्याचा होता. याहून चांगल्या कारणानं झालेले अध्यक्ष मी पुढच्या आयुष्यात फारसे पाहिले नाहीत.

बायांचा वर्ग मात्र तिचा होता. तो आम्ही काढला असं अहवालात लिहिलेलं आहे, पण अहवाल मी लिहिलेला आहे.

सातवी पास झालेली गावातली ती पहिली मुलगी. दुपारची जेवणं आटोपली की तिच्या वडिलांच्या पडवीत बारा-पंधरा बाया जमायच्या. पाट्या पुरत नव्हत्या, म्हणून ती सुपात धानाचा कोंडा पसरायची आणि बाया त्यात बोटानं अक्षर काढायच्या. चुकलं की सूप जरा हलवायचं, अक्षर नाहीसं. नागपूरला मी शिक्षणावर मोठमोठ्यांची व्याख्यानं ऐकली होती. एकालाही सूप सुचलं नव्हतं. वर्गातली सर्वांत मोठी विद्यार्थिनी गावची सुईण, साठीच्या पुढची. निम्मं मंडळ तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे ती आमच्यातल्या कोणालाच मोजत नसे.

वर्गाची प्रगती टिपायची म्हणून मी आठवड्यातून दोनदा तिकडे जायचो. टिपण चार ओळींचं व्हायचं, तास मात्र पूर्ण जायचा. ती वाचनालयातून पुस्तकं न्यायची आणि परत करताना शेवट कुठं चुकला ते सांगायची. नायिका शेवटी तापानं मेली की तिला विशेष राग यायचा. लिहिणाऱ्याला पुढं काय करावं सुचलं नाही म्हणून बिचारीला ताप आणला, असं तिचं म्हणणं. मी बचाव करायचो. पुस्तकांचा बचाव करण्याइतकं धैर्य माझ्यात होतं.

ती मला आवडत होती. मी हे कोणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्या गावाला माहीत होतं. जात एक, पोटजात एक, दोन्ही घरांत धानाचीच शेती. आड येण्यासारखं माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात तहसिलीच्या गावी तिकडच्या एका मंडळाचा बक्षीस समारंभ झाला, त्याला मी आणि अध्यक्ष आमंत्रणावरून गेलो. व्यासपीठावर खुर्च्या, खुर्च्यांवर टॉवेल, टॉवेलांवर अधिकारी. अकरा भाषणं झाली. पहिल्या वक्त्यानं तरुण हे देशाचं भविष्य आहेत असं सांगितलं आणि उरलेल्या दहांनी त्याला दुजोरा दिला. देशाचं भविष्य तोवर उन्हात उभं होतं. शेवटी बक्षिसांची वेळ आली आणि विहीर खोदणाऱ्या पहिल्या गड्याचं नाव पुकारलं, तेव्हा तो पाणी प्यायला गेलेला होता. त्याचं बक्षीस तहसीलदारांनी दुसऱ्याच कोणाला तरी दिलं आणि टाळ्या त्यालाही तेवढ्याच पडल्या.

परत येताना बैलगाडीत मी ठरवलं की आपला समारंभ असा होणार नाही.

पावसाळा सरल्यावर ओट्यावर बैठक झाली. मी माझी योजना मांडली. प्रमुख पाहुणा नाही. खुर्ची नाही, हार नाही, भाषण तर नाहीच. बक्षीस द्यायचं ते ज्यानं काम केलं त्यानं. पहिलं बक्षीस गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातून पहिल्याला मिळेल. पहिला माणूस दुसऱ्याचं नाव पुकारेल आणि त्याचं बक्षीस आपल्या हातानं त्याला देईल. दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. या हातून त्या हाती.

अध्यक्ष काज करत होता. सुई न थांबवता म्हणाला, "म्हंजे पंगतीत पत्रावळी सरकवते तसं."

मी म्हटलं, तसंच.

"अना शेवटचा मानूस कोनाले देईन?"

"शेवटचा घरी जाईल."

योजना मंजूर झाली. वडीलधारं माणूस म्हणून सुईणबाई ठरल्या, आणि त्यांनी एकच अट घातली की काय काय द्यायचं ते आधी त्यांना दाखवायचं. बक्षिसं सहा ठरली. गाळ काढण्यात पहिला आला त्याला फावडं, यावर अध्यक्षांचं म्हणणं पडलं की हे बक्षीस नाही, शिक्षा आहे. वाटेच्या कामाला विळा. मंडळाचे सगळे गणवेश शिवले म्हणून अध्यक्षांना कात्री. बायांच्या वर्गासाठी तिला चांद्याहून आणवलेलं फाउंटन पेन. कबड्डीच्या कप्तानाला नवं बनियन. वाचनालयाबद्दल मला कंदील. मला बक्षीस देण्याचा ठराव माझ्या गैरहजेरीत झाला, आणि गैरहजर मी मुद्दाम राहिलो होतो.

तारीख माघातली धरली, म्हणजे धान घरात आलेलं असेल आणि माणसं मोकळी असतील.

दिवाळी झाली. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे, दिवस होते, गावोगाव दंडारीचे खेळ चालले होते, वाचनालयात कोणी फिरकत नव्हतं. ती एका दुपारी पुस्तक परत करायला आली. शेवटाबद्दल काहीच बोलली नाही. कपाटाच्या दारावरून बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, "सिरोंच्याहून मागनी आली."

मी विचारलं, मुलगा काय करतो. म्हणजे मी तेवढंच विचारलं. ती म्हणाली, घाटावर ठेकेदाराकडे आहे, माणसं चांगली आहेत म्हणतात, तिकडं अर्धे लोक तेलगू बोलतात. तिनं हे सगळं एखाद्या पुस्तकाचा गोषवारा सांगावा तसं सांगितलं.

"बाबानं विचारलं, हो म्हनू का," ती म्हणाली. "मी म्हटलं, बक्षिसाचा समारंभ होऊन जाऊ द्या. मंग सांगीन."

समारंभाचा आणि मागणीचा काय संबंध, असं मी विचारलं. आज लिहितानाही मला त्या प्रश्नाची लाज वाटते.

"तुमी सेक्रेटरी ना," ती म्हणाली. "तुमीच पाहा."

वाचनालयाला कुलूप लावेपर्यंत मला कळलं होतं. तिनं वडिलांकडून माघापर्यंतची मुदत मागून घेतली होती आणि ती मुदत माझ्यासाठी होती. तोवर मी तिच्या वडिलांना जाऊन विचारलं तर ती इथं राहील. नाही विचारलं तर सिरोंचा.

तिचं घर बोडीच्या पलीकडे, माझ्या घरापासून विडी ओढून होईल इतक्या अंतरावर. कार्तिकात मी ठरवलं की धान कापून होऊ द्यावं, कापणीच्या दिवसांत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. कापणी झाली. मग चुरणं चाललं होतं, दिवसभर खळ्यावर बैल फिरत होते, तिथं कसं बोलणार. मग पौष लागला, आणि पौषात आमच्याकडे कोणी लग्नाचं बोलत नाही. पौषाचे मी मनापासून आभार मानले. मी एरवी पंचांग पाळणारा माणूस नव्हतो.

माघ तोंडावर आला तेव्हा मी एक गोष्ट केली. बक्षिसांची यादी बदलली. आधी तिचं नाव दुसरं होतं आणि माझं शेवटचं. आता चौथा मी आणि पाचवी ती. म्हणजे तिचं नाव मी पुकारणार, तिचं पेन माझ्या हातून तिच्या हातात जाणार. त्यातून सगळ्यांना, तिला आणि तिच्या वडिलांनाही, जे कळायचं ते कळेल, आणि मला तोंडानं काही बोलावं लागणार नाही, अशी माझी कल्पना होती. ही यादी करताना मला आपण फार मोठं साहस करतो आहोत असं वाटत होतं.

अध्यक्षांनी यादी वाचली. "तुहं नाव तिच्या आंधी काऊन आलं?"

"क्रम कामाप्रमाणे आहे."

"कोनत्या कामाप्रमानं?" तो हसत म्हणाला, आणि यादीची घडी करून टोपीत ठेवली. त्याच्यात हा गुण होता, एकदा हसून झाल्यावर तो पुन्हा हसत नसे. थोड्या वेळानं मात्र म्हणाला, "यार, तू सिद्दा जाऊन काऊन नाई बोलत? मी येतो संगं. मी बोलतो पायजे तं."

मी म्हटलं, गरज पडणार नाही.

समारंभाच्या दिवशी मी सकाळी डेपोतून रजा घेऊन आलो तर मांडव उभा होता. बांबूचे खांब, वर जांभळीचे डहाळे, दाराशी आंब्याची पानं. खालची जमीन सारवून तिच्यावर पांढरी रांगोळी. मला काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच कळेना. मग कळलं. हा लग्नाचा मांडव होता. यात कोणाची चूक नव्हती. गावातल्या माणसांना मांडव एकाच कामासाठी घालता येत होता आणि त्यांनी तो येत होता तसा घातला. पोरांनी आपण होऊन सनईवाल्याला बोलावलं होतं. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. पुढच्या सतरंजीवर वडीलधारी मंडळी, त्यांत तिचे वडील, धुवट फेट्यात. सरकारी थाट मी हाकलून दिला होता, आणि त्या मोकळ्या जागेत गावानं आपल्याकडे होता तो थाट आणून ठेवला होता.

सुईणबाई आल्या त्या डोक्यावर ताट घेऊन. मागं सगळा वर्ग. ताटावरचं फडकं त्यांनी बाजूला केलं. आत कोष्ट्याच्या मागावरचं हिरवंगार लुगडं, खण, नारळ, हळदकुंकवाचा करंडा आणि मूठभर तांदूळ. वर्गातल्या बायांनी कापणीच्या दिवसांत ओंजळ-ओंजळ धान वेगळं ठेवून ते घेतलं होतं आणि आम्हाला पत्ता लागू दिला नव्हता. पेन त्यांनी माझ्याकडून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि लुगड्याच्या घडीत खोचलं.

"पोरीनं आमाले शिकवलं, तिले का नुसती नळी द्याची?" त्या म्हणाल्या.

आमच्याकडे लग्न ठरलं की साक्षगंध करतात. मुलाकडून मुलीला लुगडं, नारळ, कुंकू. चार माणसांनी पाहिलं की झालं, मग त्यात बदल होत नाही. मी सुईणबाईंना मांडवाच्या मागं नेलं आणि शक्य तितक्या थंडपणे सांगितलं की हे ताट मला, एका बिनलग्नाच्या मुलाला, तिच्या हातात द्यायचं आहे. आणि लोक काय समजतील.

"मले काय कुकुलं पोर समजतोस का?" त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे नीट पाहून आवाज उतरवला. "बाबू, तुह्यानं होत नसन तं आताच सांग. मी देईन तिले. मी दिलं तं ते बक्षीसच राहीन."

म्हणजे सुटण्याची वाट मला उघड दाखवली गेली होती, आणि मी ती घेतली नाही. क्रम ठरलेला आहे, मी म्हणालो, मीच देईन. मला ते हवं होतं. सगळं हवं होतं, मांडव, सनई, हिरवं लुगडं, सगळं. फक्त ते मी मागितलं असं दिसायला नको होतं.

दुपार कलली तेव्हा सुरुवात झाली, आणि खरं सांगायचं तर इतका चांगला समारंभ मी नंतर कुठं पाहिला नाही. सुईणबाईंनी गाळवाल्याला फावडं दिलं आणि पाठीत एक थाप घातली. त्यानं वाटवाल्याचं नाव पुकारताना त्याच्या आळशीपणाचा एक किस्सा सांगितला आणि मग विळा दिला. वाटवाल्यानं अध्यक्षांना कात्री देताना ती अशी धरली की अध्यक्ष दोन पावलं मागं सरले. लोक हसत होते. नाव ज्याचं असेल त्याला ओळखणारा माणूसच ते पुकारत होता, त्यामुळे टाळी योग्य माणसाला पडत होती. सनईवाला प्रत्येक बक्षिसानंतर दोन फुंका मारायचा. अध्यक्षानं माझं नाव पुकारलं, कंदील हातात दिला आणि मिठी मारल्यासारखं करून कानाशी म्हणाला, "आता फकस्त नाव घे अना ताट दे. आनखी काई करू नको."

मी कंदील खाली ठेवला. तिचं नाव घेतलं. आवाज बरा निघाला.

ती बायांतून उठली. डोक्यावरून पदर घेतलेला. वर्गात, वाचनालयात मी तिला असा पदर घेतलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती सावकाश चालत आली आणि समोर उभी राहिली, नजर ताटावर. सुईणबाईंनी पुढं होऊन तिच्या कपाळाला कुंकू लावलं. बायांत कुजबूज झाली आणि थांबली. सनईवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यालाही डोळे होते. त्यानं लग्नातले सूर धरले. माझी आई तिथं बसलेली मला दिसली, तिनं तोंडाला पदर लावला होता. आणि पुढच्या सतरंजीवरून तिचे वडील उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी फेटा नीट केला. व्याह्याला भेटायच्या आधी माणूस करतो तसा.

मी ताट उचललं. एवढंच उरलं होतं, दोन वितींचं अंतर.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं ते मी लपवत नाही. मनात आलं की लोक म्हणतील, सेक्रेटरीनं अधिकाऱ्यांना हाकललं आणि मंडळाच्या लुगड्यावर आपलं साक्षगंध उरकून घेतलं. मनात आलं की मी आयुष्यभर ज्याला हसत आलो ते सगळं माझ्याभोवती जमलं आहे, ताट, वाद्यं, वाट पाहणारी माणसं, आणि मधोमध मी उभा आहे. तिचा चेहरा दोन वितींवर होता आणि मी स्वतःकडे पाहत होतो.

"हे मंडळाचं बक्षीस आहे," मी म्हणालो. "वर्गाच्या कामाबद्दल दिलेलं. याचा दुसरा कोणताही अर्थ कोणी घेऊ नये."

नागपूरच्या कॉलेजातल्या शुद्ध मराठीत, मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. त्या दिवशीचं एकमेव भाषण ते.

सनई मध्येच तुटली. तिचे वडील क्षणभर तसेच उभे राहिले, मग धोतरावरची धूळ झटकायलाच उठलो होतो असं दाखवत त्यांनी धोतर झटकलं आणि खाली बसले. तिनं मान वर केली. वर्गात एखाद्या बाईचं अक्षर चुकलं की ती ज्या शांतपणे पाहायची तसं माझ्याकडे पाहिलं.

"समजलं," ती म्हणाली.

ताट तिनं घेतलं, सुईणबाईंच्या हातात दिलं, डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. मग वळून बनियन उचललं आणि कबड्डीच्या कप्तानाचं नाव पुकारलं. स्पष्ट, न अडखळता, आणि त्याच्या एका गाजलेल्या पकडीबद्दल दोन वाक्यंही बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या. योजनेप्रमाणे शेवटचा माणूस घरी गेला आणि त्याच्या मागोमाग सगळे.

मांडव उतरवताना अध्यक्ष बांबूच्या गाठी सोडत होता आणि दोऱ्या गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "तहसिलीत अकरा भाषनं झाली, त्यायनं कोनाचं काई बिघडलं नाई. तुह्या एकानं घर गेलं." तो म्हणाला, "आताई जा. आता रातचं नको, सकायी जा."

सकाळी मी डेपोत गेलो. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. पडवीत तिचे वडील एकटेच सुंभ वळत बसले होते. त्यांनी मला बसायला घोंगडं दिलं, आतून चहा आला, कोणाच्या हातचा ते कळलं नाही. ते धानाबद्दल बोलले, मीही धानाबद्दल बोललो. यंदा लुचई धान चांगलं झालं यावर आमचं दोघांचं एकमत होतं. मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा त्यांनीच मला थांबवलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांना माझी दया आली असावी.

"तुमी चारचौघांत साफ सांगितलं ते बरं केलं, बाबू," ते म्हणाले. "नाई तं पोरीचं नाव निंघालं असतं. तसंई लोकायनं पाह्यलंच ना, कुकू लावलं, वाजवलं. आता घरात ठेवनं बरं नाई. काल मानूस धाडला सिरोंच्याले."

मी विचारलं, ती काय म्हणाली.

"तिनंच सांगितलं, धाडा म्हनून."

मी चहा संपवला. बशी पालथी घालायची की उताणी ठेवायची, याचा मी थोडा वेळ विचार केला.

लग्न वैशाखात झालं. मांडव मंडळानंच घातला, जांभळीचे डहाळे आणायला मीही गेलो होतो. पंगतीत मी भात वाढला. ती निघाली तेव्हा नदीला पाणी कमी होतं, वाळूतून गाड्या सरळ गेल्या. तिकडच्या बाजूला बस उभी होती. धूळ बसेपर्यंत आम्ही उभे राहिलो आणि मग, उभं राहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, परतलो.

वर्ग चालवायचा आम्ही प्रयत्न केला. एका मास्तरांना आणलं, त्यांनी बायांना फळ्यासमोर ओळीत बसवलं आणि पंधरा दिवसांत ओळ संपली. सुईणबाई मात्र पुढंही महिनाभर रोज दुपारी त्या पडवीत जाऊन बसत. माझ्याशी त्या नेहमीसारख्याच बोलत, पण बाबू म्हणायचं त्यांनी सोडलं. साहेब म्हणू लागल्या. अध्यक्ष दोन वर्षांनी कुटुंब घेऊन बल्लारपूरला गेला. मंडळ मोडलं असं काही झालं नाही. ते नुसतं जमेनासं झालं.

पंचावन्न-छप्पनच्या पुढं केव्हातरी, लाकडांची मोजणी करायला मला सिरोंच्याला पाठवलं. आलापल्लीपासून पुढं दिवसभराचं जंगल, दोन्ही बाजूंना साग, ज्यांच्यावर अजून कोणी नंबर टाकला नव्हता. मोजणी सकाळीच उरकली. परतीची बस दुपारी होती. स्टँडवरच्या चहावाल्याला मी घाटावरच्या ठेकेदाराच्या माणसांची घरं कुठं आहेत ते विचारलं. त्यानं हातानं गल्ली दाखवली. अर्धी तेलगू, अर्धी मराठी बोलत त्यानं सांगितलं की तिथं एक बाई दुपारी बायांना शिकवते, कोणालाही विचारा, घर दाखवतील. मग ओळख पटावी म्हणून त्यानं सहज विचारलं, त्या तुमच्या कोण.

मी चहाचे सुटे पैसे मोजू लागलो. तो थांबला, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बस सुटायला अजून दीड तास होता. गल्ली तिथून दिसत होती. तो दीड तास मी स्टँडच्या बाकावर बसून काढला.